नाणे खरे, मग खोटे कोण?

चाकणला आंबेठाण चौकाच्या आतल्या बाजूला, जिथे कामगारांच्या खोल्यांच्या चाळी सुरू होतात, तिथल्या एका किराणा दुकानात परवा आम्ही उभे होतो. रात्रीचे नऊ वाजून गेले होते. बारा तासांची पाळी भरून आलेला एक तरुण आमच्या पुढे होता. परभणीकडचा, ठेकेदाराकडे कामाला, अंगात कंपनीचा शर्ट आणि खांद्याला रिकामा डबा. त्याने तेलाची पिशवी, कांदे, अर्धा डझन अंडी आणि साबणाची वडी घेतली आणि दहा-दहाची नाणी गल्ल्यावर मांडली. दुकानदाराने त्यांच्याकडे पाहिलेदेखील नाही. "हे चालत नाही भाऊ. ऑनलाइन करा." "पगार व्हायचाय काका. खात्यात काही नाही." "मग नोट द्या." मुलाने खिसा चाचपला, वीस रुपयांची एक चुरगळलेली नोट काढली, तेल आणि अंडी परत सरकवली आणि तेवढ्यात बसेल ते घेऊन तो निघाला.

आम्ही मध्ये पडलो. हे नाणे भारत सरकारचे आहे, रिझर्व्ह बँकेने दहादा सांगितले आहे, तुम्ही नाकारता कसे, असे जे बोलायचे ते सर्व बोललो. दुकानदार चिडला नाही. त्याने गल्ल्याखालून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढून आमच्यासमोर आपटला. डबा नाण्यांनी भरलेला होता. "साहेब, मला नका शिकवू. माझ्या होलसेलवाल्याला शिकवा. बँकेला शिकवा. हे मी कुठे खपवू?"

शेवटी आम्ही शंभराची नोट त्या मुलाला दिली आणि त्याची दहा नाणी घेतली. त्याचे तेल आणि अंडी त्याला मिळाली. घरी येऊन खिसा रिकामा केला तेव्हा त्या दहांत एक नाणे वेगळे निघाले. त्यावर बाबासाहेब होते.

वाचकांना आठवत असेल, बाबासाहेबांच्या १२५ व्या जयंती वर्षात, ६ डिसेंबर २०१५ रोजी, पंतप्रधानांच्या हस्ते दोन नाणी प्रकाशित झाली. एक १२५ रुपयांचे. ते संग्राहकांसाठी होते, बाजारात चालवण्यासाठी नव्हतेच. दुसरे दहा रुपयांचे, ते मात्र रोजच्या व्यवहारासाठी. त्याआधी १९९० साली, शताब्दी वर्षाच्या निमित्ताने, बाबासाहेबांची प्रतिमा असलेले एक रुपयाचे नाणेही निघाले होते. म्हणजे चाकणच्या दुकानात त्या रात्री जे दहा तुकडे "चालत नाहीत" म्हणून परत सरकवले गेले, त्यात या देशाच्या घटनेच्या शिल्पकाराचा चेहराही परत सरकवला गेला होता. दुकानदाराने तो पाहिला नव्हता, ही गोष्ट खरी. पण न पाहता नाकारले गेले, हाच तर सगळा प्रश्न आहे.

आधी कायदा पाहू. नाणी पाडते केंद्र सरकार, मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा येथील टांकसाळींत. रिझर्व्ह बँक ती फक्त वाटते. नाणे कायदा, २०११ च्या कलम ६ प्रमाणे एक रुपया किंवा त्याहून मोठे कोणतेही नाणे एक हजार रुपयांपर्यंतच्या देण्यासाठी कायदेशीर चलन आहे. पन्नास पैशांचे नाणे दहा रुपयांपर्यंतच्या देण्यासाठी आजही कायदेशीर आहे, मग ते कोणत्याही दुकानात कोणी घेवो न घेवो. रद्द झाली ती पंचवीस पैशांची आणि त्याहून लहान नाणी, तीही ३० जून २०११ नंतर, रीतसर जाहीर करून. दहाचे नाणे रद्द झाल्याची अशी कोणतीही अधिसूचना आजवर निघालेली नाही. तरीही ते मराठवाड्यातल्या आणि विदर्भातल्या कित्येक गावांत चालत नाही, आणि आमच्या या पट्ट्यात कुठे चालते, कुठे नाही. बाबासाहेबांचे तेच नाणे दुसऱ्या दिवशी पिंपरीच्या चौकात आम्ही चहावाल्याला दिले. त्याने ते न बघता डब्यात टाकले. चाकणहून पिंपरी किती लांब? गाडीने तासाभराचा रस्ता. तेवढ्या अंतरात भारत सरकारची सही खोटी होते आणि पुन्हा खरी होते!

ही अफवा आली कुठून, ते समजून घेतले पाहिजे. दहाचे दुधातुकडी नाणे, म्हणजे बाहेर पिवळे आणि आत पांढरे असे, लोकांच्या हातात आले ते २००९ साली. २०१० मध्ये रुपयाचे नवे चिन्ह ठरले आणि २०११ पासून ते नाण्यांवर येऊ लागले. त्याच सुमारास रेघांची संख्याही बदलली. आधीच्या काही नाण्यांवर पंधरा रेघा होत्या, नंतरच्यांवर दहा. झाले! कोणीतरी फोनवर संदेश सोडला की दहा रेघा आणि चिन्ह असेल ते खरे, पंधरा रेघांचे आणि चिन्ह नसलेले खोटे. तो संदेश गावोगाव फिरला. २०१६ साली दिल्लीकडे खोटी नाणी पाडणारा कारखाना पोलिसांनी पकडल्याच्या बातम्या आल्या आणि त्या संशयाला खतपाणी मिळाले. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१६ मध्ये खुलासा केला. १७ जानेवारी २०१८ रोजी पुन्हा केला, त्यात तोवर निघालेल्या १४ प्रकारच्या दहाच्या नाण्यांची यादीच दिली आणि चौदाही कायदेशीर असल्याचे सांगितले. १४४४० हा क्रमांक सुरू करून फोनवरही सांगायची सोय केली. २६ जून २०१९ रोजी परत तेच. एकाच नाण्यासाठी एवढे खुलासे करावे लागतात आणि तरी ते चालत नाही, याचा अर्थ काय होतो?

रेघा मोजणाऱ्यांची कसोटी लावली, तर बाबासाहेबांचे नाणेही खोटे ठरते. कारण त्याच्यावर दहाही रेघा नाहीत आणि पंधराही नाहीत. एका बाजूला अशोकस्तंभ आणि किंमत, दुसऱ्या बाजूला बाबासाहेब. स्मरणार्थ काढलेल्या सगळ्याच नाण्यांचे असे असते. म्हणजे सरकार मोठ्या समारंभाने नवे रूप काढते, ते रूप खरे कसे ओळखावे हे गावच्या दुकानापर्यंत पोचवत नाही, आणि मग जे रूप कमी दिसते ते संशयित ठरते.

इथे आम्हाला आपल्या लोकांबद्दलही एक कडू गोष्ट सांगायची आहे. बाबासाहेबांचे नाणे हाती आले की आपण ते खर्च करत नाही. तसबिरीजवळ ठेवतो, मुलांना दाखवतो, पाकिटाच्या आतल्या कप्प्यात जपतो. भावना समजण्यासारखी आहे. आमच्या घरीही दोन आहेत. पण ज्या नाण्याला लोकांच्या हातांची सवय नसते त्याला दुकानदार दोनदा निरखतो, आणि आपण ते जितके जपू तितके ते बाजाराला परके होते. आपल्यातले काही महाभाग तर हेच दहाचे नाणे जास्त किमतीला विकतात. दहा रुपयांचे नाणे दहा रुपयांनाच चालले पाहिजे. त्याहून कमी किंमत करणे आणि जास्त किंमत करणे, दोन्ही त्याला चलनातून बाहेर काढण्याचेच प्रकार आहेत.

आता दुकानदाराच्या डब्याकडे वळू. त्याला शिव्या घालणे सोपे आहे. उत्तर प्रदेशात २०१६ साली काही अधिकाऱ्यांनी तर नाणे नाकारणाऱ्यावर राजद्रोहाचा गुन्हा दाखल करू अशी भीती घातली होती. चणे-फुटाणे विकणाऱ्यावर राजद्रोह! पण त्याच गावातली बँक नाण्यांची पिशवी पाहून "आज नाही, उद्या या" म्हणत असेल, तर तिच्यावर कोणता द्रोह? रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक स्पष्ट आहे. कोणत्याही शाखेने लहान किमतीच्या नोटा किंवा नाणी घ्यायला नकार देता कामा नये. एक आणि दोन रुपयांची नाणी वजनावर घ्यावीत. शंभर-शंभराच्या प्लास्टिकच्या पुड्या करून आणलेली घ्यावीत. खात्यात किती नाणी भरावीत यावर मर्यादा नाही. प्रत्यक्षात काय होते हे ज्याने नाणी घेऊन रांग लावली आहे त्याला विचारा. मोजायला माणूस नाही, मशीन बिघडले आहे, तिजोरीत जागा नाही, जेवणाची सुट्टी आहे. नाणे मोजण्यात वेळ जातो आणि बँकेला त्यात कमाई नाही, हे मूळ कारण. मग घाऊक व्यापारी किरकोळवाल्याकडून नाणी घेत नाही, किरकोळवाला गिऱ्हाइकाकडून घेत नाही, आणि गिऱ्हाईक कोणाला देणार? उतरंडीच्या तळाला जो आहे त्याच्याच हातात ते राहते. संशयाचा सगळा भार खाली खाली सरकत शेवटी सर्वांत कमी पगाराच्या माणसावर येऊन थांबतो. या देशात हे नवे नाही.

गंमत अशी की वीस वर्षांपूर्वी नेमके उलटे होते. तेव्हा चिल्लरची टंचाई होती. शंभर रुपयांची चिल्लर हवी तर वर काही रुपये मोजावे लागत, आणि दुकानदार सुट्ट्यांऐवजी गिऱ्हाइकाच्या हातावर चॉकलेटची गोळी ठेवत असे. ती गोळी परत देऊन त्याच दुकानात काही विकत घेऊन दाखवा म्हटले, की तो हसायचा. म्हणजे नाणी कमी तरी नुकसान गिऱ्हाइकाचे, नाणी जास्त तरी नुकसान गिऱ्हाइकाचेच.

खऱ्या पैशाची किंमत हातोहात कापली जाण्याला आपल्या भाषेत जुना शब्द आहे, बट्टा. पेशवाईत गावोगावच्या टांकसाळींचे रुपये चालत. अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही, हाली, आणखी कितीतरी. खुद्द चिंचवडलाही एक टांकसाळ होती, हे आजच्या कारखान्यांच्या चिंचवडमध्ये किती जणांना ठाऊक आहे? प्रत्येक रुपयाचे वजन वेगळे, कस वेगळा. एका गावचा रुपया दुसऱ्या गावात चालवायचा तर सराफाकडे जायचे, तो नाणे वाजवून बघायचा आणि आपला बट्टा कापून घ्यायचा. रुपया खरा असला तरी तो खरा आहे असे म्हणण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याची कमाई. १८३५ साली कंपनी सरकारने १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया सगळ्या प्रांतांत लागू केला तेव्हा कुठे हा प्रकार मोडायला सुरुवात झाली.

हा इतिहास बाबासाहेबांनी अभ्यासला होता. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील त्यांचा प्रबंध 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या नावाने १९२३ मध्ये लंडनमध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, आणि त्याची सुरुवात या एकसारख्या रुपयाच्या कहाणीपासून होते. आपल्या सभांतून 'रिझर्व्ह बँक बाबासाहेबांच्या ग्रंथावरून निघाली' असे एका वाक्यात सांगितले जाते. जरा सावधपणे सांगायला हवे. १९२५ मध्ये त्यांनी चलनाविषयीच्या शाही आयोगापुढे, ज्याला हिल्टन यंग आयोग म्हणतात, निवेदन देऊन साक्ष दिली. त्या आयोगाने मध्यवर्ती बँक असावी अशी शिफारस केली आणि १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली. इतके सत्य पुरेसे मोठे आहे, ते फुगवण्याची गरज नाही. उलट त्या ग्रंथात काय म्हटले आहे ते वाचण्याची गरज आहे. केन्ससारख्या नामांकित अर्थशास्त्रज्ञाच्या मताविरुद्ध जाऊन बाबासाहेबांनी मांडले की चलन चालवणाऱ्यांच्या मर्जीवर चलन सोडता येणार नाही. रुपयाची किंमत घसरते तेव्हा वस्तूंचे भाव आधी चढतात, मजुरी मागाहून आणि थोडी चढते, त्यामुळे व्यापाऱ्याचा फायदा होतो तो मजुराच्या पोटातून. चलनाचा प्रश्न हा श्रमणाऱ्याच्या खरेदीशक्तीचा प्रश्न आहे, हा त्या विवेचनाचा गाभा. चाकणच्या दुकानात तेल आणि अंडी परत सरकवणाऱ्या मुलाची खरेदीशक्ती त्या रात्री शंभर रुपयांनी घसरली. महागाईच्या कोणत्या आकड्यात ती घसरण मोजली जाते?

आणि आपल्यासाठी रोख पैशाचा अर्थ नुसता खरेदीशक्तीचा नाही. आपल्या आज्या-पणज्यांना गावाने कामाचे पैसे दिले नाहीत. बलुते दिले, शिळे दिले, वतनाच्या नावाखाली रात्रंदिवस राबवून घेतले. धान्य किती द्यायचे, कधी द्यायचे, द्यायचे की नाही, हे देणाऱ्याने ठरवायचे. ती महारवतने मोडावीत म्हणून बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. वतने कायद्याने गेली ती १९५८ च्या कायद्यानंतर. पण कायद्याच्या आधीच जे सुटले ते रोख पगाराने सुटले. खडकीचा दारूगोळा कारखाना, देहूरोडचे लष्करी डेपो, रेल्वे, मुंबईच्या गिरण्या. महिन्याच्या शेवटी हातावर पडणारे नाणे कोणाच्या मेहरबानीचे नव्हते. त्या नाण्यावर राजाचा चेहरा होता, पाटलाचा नव्हता. देहूरोडच्या विहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली. तो विहार उभा राहिला त्या परिसरातले आपले लोक हेच रोख पगारावर जगणारे कामगार होते.

म्हाताऱ्या माणसांकडून आम्ही ऐकले आहे की गावच्या दुकानात आपल्या माणसाने पैसे उंबऱ्यावर ठेवायचे, दुकानदार त्यावर पाणी शिंपडून ते उचलायचा आणि माल वरून टाकायचा. माणूस विटाळाचा, पण त्याचा पैसा मात्र पाण्याच्या चार थेंबांत शुद्ध! तेव्हा नाणे चालत होते आणि माणूस चालत नव्हता. आज माणूस दुकानात येतो, गल्ल्याला टेकून उभा राहतो, त्याला कोणी जात विचारत नाही, आणि नाणे चालत नाही. आम्ही दोन्ही गोष्टी एकसारख्या आहेत असे म्हणत नाही. तशी तुलना करणे हा त्या म्हाताऱ्यांच्या दुःखाचा अपमान होईल. पण नाणे नाकारले गेल्यावर तो मुलगा कशावर जगतो ते पाहा. तो उधारीच्या वहीवर जगतो. आणि वही आली की भाव दुकानदाराचा, माप दुकानदाराचे आणि पगाराच्या दिवशी पहिला हक्क दुकानदाराचा. रोख पैशाने जी दोरी तुटली होती ती वहीच्या पानांतून पुन्हा विणली जाते.

नोटांचीही कथा वेगळी नाही. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा गेल्या. मूल्याने चलनाच्या ८६ टक्के. त्यांतल्या ९९ टक्क्यांहून अधिक नोटा बँकांत परत आल्या, हे रिझर्व्ह बँकेच्याच अहवालाने पुढे सांगितले. काळा पैसा कोठे सापडला ते सरकारला माहीत. पण त्या दिवसांत भोसरीच्या आणि चाकणच्या मजुरांनी जे भोगले ते आम्ही पाहिले आहे. तासन् तास रांगेत उभे राहून हाती यायची दोन हजारांची नवी कोरी गुलाबी नोट, आणि ती कोणी घ्यायला तयार नाही, कारण सुटे नाहीत. खरी, नवी, सरकारी, आणि शंभर रुपयांच्या भाजीसाठी निरुपयोगी. तीच दोन हजारांची नोट १९ मे २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने चलनातून मागे घेतली. नीट लक्षात घ्या, रद्द केली नाही. ती आजही कायदेशीर चलन आहे. पण जाहीर झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून दुकानांत पाट्या लागल्या, आणि ज्यांना ती खपवायची होती त्यांतल्या काहींनी ती मजुरीत खपवली. नाक्यावरचा मजूर हातात आलेली मजुरी नाकारू शकत नाही. दुकानदार मजुराची नोट नाकारू शकतो. बँकांत बदलण्याची मुदत ७ ऑक्टोबर २०२३ ला संपली. त्यानंतर ती बदलायची तर रिझर्व्ह बँकेच्या १९ कार्यालयांपैकी एखाद्यात जायचे किंवा टपालाने पाठवायची. महाराष्ट्रात ही कार्यालये मुंबई, बेलापूर आणि नागपूरला आहेत. पुण्यात नाही. एखाद्या मावशींना पत्र्याच्या डब्यात विसरलेली एक नोट सापडली, तर चाकणहून बेलापूरला जायचे, एक दिवसाची मजुरी आणि गाडीभाडे घालवायचे. हा बट्टा नाही तर काय आहे? फरक इतकाच की पूर्वी तो सराफ कापत होता.

यावर आता सगळ्यांकडे एकच उत्तर तयार असते: ऑनलाइन करा. गल्ल्यावरच्या चौकोनी ठिपक्यांच्या पाटीने पुष्कळांची सोय झाली आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. आम्हीही तिचा वापर करतो. पण पगार सात तारखेचा पंधरा तारखेला होत असेल, खात्यातून कर्जाचा हप्ता आधीच कापला जात असेल, फोन एक आणि वापरणारे तिघे असतील, तर ती पाटी उपयोगाची नाही. अशा माणसाकडे असते ती चिल्लर. तीच पुन्हा "चालत नाही". २०१९ मध्ये जाहीर झालेल्या मालिकेतले बारा कोनांचे वीसचे नाणे तर दृष्टिहीनांना स्पर्शाने ओळखता यावे म्हणून मुद्दाम तसे केले गेले. ते घेऊन एखादा अंध फेरीवाला दुकानात गेला आणि "हे काय आणलंस" असे ऐकून परत आला, तर त्याने नाण्याचा कोणता कोन दाखवायचा?

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात नाणेकरवाडी आहे आणि खराबवाडीही आहे. दोन्ही नावे तिथल्या आडनावांवरून आलेली. तरी या नाण्यांच्या भानगडीत फिरताना त्या दोन पाट्या वाचून आम्हाला हसू आले. असो.

करायचे काय, असे वाचक विचारतील. एका वस्तीत काय झाले तेवढे सांगतो. भोसरीकडच्या एका छोट्या विहाराची दानपेटी वर्षावासाच्या शेवटी उघडली. नोटा थोड्या, नाणी फार. विहाराचे सेक्रेटरी पिशवी घेऊन बँकेत गेले. शाखेचे नाव आम्ही घेत नाही, कारण दुसऱ्या कोणत्याही शाखेत याहून वेगळे घडले असते असे आम्हाला वाटत नाही. पहिल्या दिवशी सांगितले, मोजायला माणूस नाही. दुसऱ्या दिवशी सांगितले, सोमवारी या. मग महिला मंडळाच्या ताईंनी विहारात सतरंजी टाकली आणि एक संध्याकाळ बसून सगळी नाणी वेगवेगळी केली. एकची, दोनची, पाचची, दहाची. शंभर-शंभराच्या पुड्या बांधल्या, प्रत्येकीवर आकडा लिहिला. बाबासाहेबांची चार निघाली. ती काढून घेऊन त्यांच्या जागी नोटा ठेवाव्यात असे दोघी-तिघींचे म्हणणे पडले. एक आजी म्हणाल्या, "दान दिलंय ते पेटीला दिलंय. जाऊ द्या त्यांच्याबरोबर." चारही पुडीत गेली.

सोमवारी सेक्रेटरी एकटे गेले नाहीत. पाच ताई बरोबर होत्या. हातात रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक छापून नेले होते, आणि तक्रार करायचीच झाली तर बँकिंग लोकपालाचा १४४४८ हा क्रमांक त्याच्या मागे पेनाने लिहिला होता. तो लावावा लागला नाही. कॅशियरने आधी परिपत्रक वाचले, मग आत जाऊन मॅनेजरना विचारले, मग दोन पुड्या सोडून मोजून पाहिल्या. बरोबर भरल्या. बाकीच्या पुड्या त्याने तशाच घेतल्या आणि पावती फाडली. पावती देताना त्याने विचारले, "एवढी नाणी पुन्हा पण येणार का?"

"येणार ना," ताई म्हणाल्या. "पेटी भरली की येतो आम्ही."